सीटची उजवी कड

ते सीट त्यांनी नाही, मी केलंय असं मामांनी चारचौघांत पहिल्यांदा सांगितलं ते, सीट चुकलंय असं कुणीतरी म्हटल्यावर. तोवर ते त्यांचं होतं. साताऱ्याच्या सुताराला त्यांनी ऐकवलं होतं, "म्या सोत्ता केलंय." शेजारच्या प्रेसवाल्याला ऐकवलं होतं, "हात बसावा लागतो गड्या, असं उगं जमत न्हाई." मी आतल्या खोलीत बसून हे ऐकत होते आणि माझ्या नखांत शाई होती. इतकी वर्षं गेली, पण हे लिहिताना पेन कागदात रुततंय.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. सांगलीत त्यांचं सीट आणि हूड शिवायचं दुकान. रिक्षा यायच्या, ट्रॅक्टर यायचे, पण दुकान चालायचं ते वडापच्या जिपांवर. एसटी चुकली की माणसं ज्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून जातात, ती वडाप. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्याकडं प्रत्येक फाट्यावर एक तरी उभी असायची, आणि प्रत्येकीचं सीट वर्षातून एकदा तरी फाटायचंच.

माझं गाव तिथून लांब. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढं, शिरवळच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत चालत जायचं. आठवी झाली तशी वडील म्हणाले, "झालं तेवढं लय झालं." पुढची शाळा शिरवळला, एसटीनं जायचं, आणि एसटीत पोरं असतात. संपला विषय. तीन वर्षं मी शेणी थापल्या आणि लोक येऊन मला बघून गेले. मग एका दिवाळीला आत्या आली, माझ्याकडं बघत राहिली आणि वडिलांना म्हणाली, "हिला मी न्येती. माज्या हाताखाली शिवनकाम शिकंल." दुसऱ्या दिवशी मी सांगलीत होते.

हे ऋण मी नाकारत नाही. आत्यानं मला तिच्या शेजारी झोपायला जागा दिली, मशीन दिलं, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मामांनी मला रेक्झिन कापायला शिकवलं. कापताना सुरी ओढायची, दाबायची नाही. उपकार हा शब्द दोघांनीही काढला नव्हता. तो काढायचे गावाकडचे. कुणीही भेटलं की, "आत्याचं उपकार इसरू नगंस हां." मी विसरत नव्हते. उलट त्या धास्तीनं मी अर्धी भाकरी कमी खायची. मामा दुकानात जरा जोरानं खाकरले तरी वाटायचं, आता म्हणतील, जा तुझ्या गावाला. असं माणूस घाबरून राहिलं की लोक त्याला गुणाचं म्हणतात. मी लय गुणाची होते.

मला सांगलीत येऊन तीन वर्षं होत आली होती, तेव्हा साताऱ्याचा सुतार एक जीप घेऊन आला. हातभर लांबीची. खरीच्या एक दशांश. पत्र्याची बॉडी, लाकडाची जमीन, हिरवा रंग, टायर जुन्या चपलांच्या तळव्यांतून कातलेले. स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. नुसतं सीट नव्हतं.

वाईजवळच्या एका गावातल्या आबांची ती जीप. आबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर मिलिटरीच्या लिलावातली जीप घेतली आणि वाई–सातारा वडाप केली, बरीच वर्षं. आता ते थकले होते आणि जीप भंगारात गेली होती. त्यांचा मुलगा पुण्यात सरकारी साहेब. वडिलांच्या साठीला त्यांच्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती द्यायची असं त्यानं ठरवलं. सुतारासोबत त्यानं जीपचं पुढचं लांब सीटही पाठवलं होतं. गोठ्यात पडून होतं, त्याला वैरणीचा वास येत होता. निरोप एकच: "जसंच्या तसं पायजे."

मामांनी आधी स्वतः करून बघितलं. खरं रेक्झिन घेतलं, छोटं कापलं, स्पंजवर चढवलं. ते सीट दिसेना. रेक्झिनवरची दाणेदार नक्षी एवढी मोठी की उंदराला हत्तीचं कातडं पांघरल्यासारखं. शिवण तर बोटाएवढी जाड. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं, मग फेकून दिलं.

"ह्ये भावल्यांचं काम हाय," ते म्हणाले. "बायकांनी करावं. ये पोरी, घे."

मी घेतलं. आणि मला एवढा आनंद झाला की मी तो लपवला.

रेक्झिन नको, रेक्झिनचं चित्र पाहिजे, हे मला शेजारच्या प्रेसमुळं सुचलं. तिथं लग्नपत्रिका स्क्रीनवर छापायचे. प्रेसवाल्या वहिनी दुपारी एकट्या असायच्या, मी जाऊन बसायची. लाकडी चौकटीवर ताणलेलं जाळीचं कापड, त्यावर मसाला लावून अंधारात वाळवायचं, वर ट्रेसिंगचा कागद, वर काच, आणि उन्हात धरायचं. ऊन लागलेला मसाला घट्ट बसतो. जिथं काळी रेघ तिथला मसाला पाण्यानं निघून जातो आणि जाळी मोकळी होते. मग शाई ओतून रबराची पट्टी ओढली की रेघ खाली उतरते. गणपती उतरतो, वधू-वरांची नावं उतरतात, तर सीटची शिवण का उतरणार नाही?

आधी वाटलं, सोपं आहे, खऱ्याचा फोटो काढून लहान करायचा. आबांच्या सीटचं कव्हर उसवून मी झेरॉक्सवाल्याकडं नेलं आणि सरळ काचेवर पसरलं. तो ओरडलाच. "आवो ताई, शेण लागलंय त्याला!" पुसून परत पसरलं. निम्मं करा म्हटलं. निम्म्याचं निम्मं. त्याचंही निम्मं. शेवटी हातात आली ती करपलेली भाकरी. दाणा नाही, शिवण नाही, नुसता काळा डाग.

तिथं मला कळलं, ते आजपर्यंत मला पुरतंय. खरं जेवढ्याला तेवढं लहान केलं की ते दिसतच नाही. डोळ्याला दाणा दिसायची सवय असते, म्हणून तो खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा काढावा लागतो. पण फार मोठा झाला की मामांचा हत्ती होतो. मधलं माप कुठंच लिहिलेलं नाही. मी सतरा कागद घालवले. बारीक निबानं दाणे काढले, एकसारखे नाहीत, माणसं बसतात तिथं घासून विरळ झालेले, पाठीमागं दाट. मग ते निम्म्यानं लहान केले.

कापड छत्रीचं घेतलं, जुन्या छत्रीचं काळं. रेक्झिनसारखी अंगचीच चकाकी आणि केवढं पातळ. त्यावर करड्या शाईनं दाणा छापला, त्याहून फिक्या शाईनं शिवण. छापलेलं कापड चपलेच्या पट्ट्यातल्या पातळ स्पंजवर चिकटवलं. सुईच्या बोथट टोकानं शिवणीवर खाच दाबली आणि खाचेत काळं बूटपॉलिश भरून वरचं पुसून घेतलं. दोन हात लांब धरलं तर सीट. वहिनींनी बोट लावलं आणि म्हणाल्या, "अगं, हे मऊ लागायला पाहिजे असं वाटतंय."

राहिली उजवी कड.

वडापच्या सीटची उजवी कड कशी असते हे दुकानात बसलेल्या कुत्र्यालाही ठाऊक असेल. पुढं दोघांच्या जागी चार माणसं कोंबतात, पाचवा ड्रायव्हर. त्याला जागा उरते वीतभर. मग तो एका ढुंगणावर बसतो, अर्धा बाहेर, आणि दार तर काढूनच टाकलेलं असतं. रोज, वर्षानुवर्षं. घरच्या गाडीचं सीट मध्ये बसतं, वडापचं उजव्या कडेला जातं. मी दुकानात आल्यावर पहिल्याच महिन्यात मामांनी मला हे दाखवलं होतं. "ह्ये बघ," म्हणाले होते, "कड बघून सांगायचं, गाडी कुनाची." आबांच्या सीटची कड झिजून आतलं पांढरं कापड दिसत होतं, आणि ती आबांनी स्वतःच कधीतरी सुतळीनं शिवलेली होती. मोठे, वेडेवाकडे टाके. मी त्यासाठी वेगळी स्क्रीन केली. पांढुरकं घासलेलं कापड आणि त्यावर टाके, मोजून सात. त्या सात टाक्यांना मला तीन दिवस लागले, कारण ऊनच पडत नव्हतं.

मामांनी तयार सीट हातात घेतलं, कडेवर अंगठा फिरवला आणि हसले. मनापासून हसले. "वडापच हाय," म्हणाले. एवढंच. पण त्यांना ते कळलं होतं. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते. त्यांना ते कळलं होतं.

साठीला आम्हाला आमंत्रण होतं. मामा, आत्या आणि मी. सांगलीहून सातारा, साताऱ्याहून वाई, तिथून पुढं टमटम. मांडव होता, लाउडस्पीकर होता, पंगती उठत होत्या. जीप एका टेबलावर भगव्या कापडाखाली झाकलेली. सुतार जीपच्या एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला. मी बायकांत, आत्याजवळ, पण जीप दिसेल अशी.

साहेबांनी कापड काढलं. टाळ्या झाल्या. लोक पुढं सरकले. आणि एक म्हातारा पावणा वाकून बघून ओरडला, "आयला, ही तर वडाप हाय!"

दुसरा म्हणाला, "व्हय की! पुढं पाच बसवा रं, म्हंजी डायवर भाईर लटकंल!"

मांडव हसला. वाईट हसला नाही, ओळखीचं हसला. मलाही हसू आलं, कारण त्यांना ते ओळखू आलं होतं. एका नजरेत, एवढ्याशा सीटवरनं. पण साहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्याबरोबर त्यांच्या हापिसातली माणसं आली होती. त्यांना साहेबांनी काय सांगितलं असेल ते कळत होतंच. वडिलांची मिलिटरीची जीप.

"अहो, हे काय आहे?" साहेब मामांना हळू आवाजात म्हणाले. "फाटलेलं सीट लावलंत? साठीच्या कार्यक्रमात?"

जसंच्या तसं पाहिजे असं तुम्हीच कळवलं होतं, हे मामांना म्हणता आलं असतं. वडापची कड अशीच असते, हे म्हणता आलं असतं. अंगठा फिरवून हसले होते ना. ते म्हणाले, "पोरीच्या हातनं चुकलं सायेब. आमची भाची हाय, गावाकडची. आठवीतनं शाळा सोडल्याली, तिला काय कळतंय. आत्ता काडून टाकतो." आणि त्यांनी खिशातनं छोटी सुरी काढली.

आठवीतनं शाळा सोडलेली. मी सोडली नव्हती. सोडवली होती. हे शब्द आधी डोक्यात आले आणि मग मी टेबलापाशी होते, मध्ये कोण कोण होतं ते मला आठवत नाही.

"मामा, हात लावू नगा."

"काय?"

"हात लावू नगा त्याला. चुकल्यालं न्हाई त्ये. डायवरची कड अशीच जाती. आवं, तुमीच दावलं हुतं की मला!"

आत्या मागून आली होती. तिनं माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "गप. कुनाच्या घरात खाल्लंस, त्ये इसरू नगंस."

शेवटी तिनंच उपकार काढले. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत घाबरत होते ते आलं, आणि आल्यावर गंमत अशी झाली. भीती गेली आणि तिथं नुसता राग उरला. मामांचा, आत्याचा, साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त त्या अर्ध्या अर्ध्या भाकरींचा.

"आना हिकडं," कुणीतरी म्हणालं. खुर्चीत बसलेले आबा. गळ्यात हार, टोपीवर गुलाल. जीप त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सीट डोळ्यांजवळ आणलं. करंगळीच्या नखानं ते टाके मोजत होते. मग मला म्हणाले, "सात हुतं. तू मोजलंस?"

"व्हय."

"कुनाची गं तू? कुटली?"

मी गाव सांगितलं.

"म्हंजी आमच्याच अंगाची की. खंबाटकीचा घाट उतरला की गाव तुजं." मग ते मुलाकडं वळले. आवाज चढवला नाही. "तू पुन्याला शिकत हुतास, तवा मी हितं बसत हुतो. ह्या कडंवर."

साहेब जीपच्या टायरकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, जिंकलं. पण आबांनी मांडवाकडं बघितलं, हापिसातल्या माणसांकडं बघितलं, फोटोवाल्याकडं बघितलं. "पर फोटूला बरं दिसायचं न्हाई त्ये," म्हणाले. "सूनबाय, वर काय तरी टाका." सुनेनं कमरेचा गुलाबी रुमाल काढून चौघडी केली आणि सीटवर घातली. बाप, मुलगा, जीप, रुमाल. तसा फोटो निघाला.

आबांवर राग धरावा की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. बहुतेक धरलाय. ज्याला ते ओळखू आलं, ज्यानं टाके मोजले, त्यानंच झाकायला सांगितलं.

आणि मामा? रुमालाच्या आधी, आबा टाके मोजत होते तेव्हा, शेजारच्याला म्हणाले, "आमच्या दुकानात झालंय." मी ऐकलं.

वाईच्या स्टँडवर ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. पुण्याची गाडी एका बाजूला लागली होती, साताऱ्याची दुसऱ्या. त्यांनी पुण्याच्या गाडीकडं हनुवटी केली. "ती तुजी गाडी. खंडाळ्याच्या म्होरं उतर. तुजी कापडं लावून दीन."

मी आत्याकडं बघितलं. ती पिशवीच्या बंदाची गाठ सोडून परत बांधत होती.

गाव तासाभरावर. आई होती तिथं, तिला बघून सात महिने झाले होते. पण तिथं मी पोचले की चार दिवसांत माणसं बघायला येणार हे मला माहीत होतं, आणि सांगलीत माझ्या तीन स्क्रीन होत्या, निब होतं, सतरा कागद होते, आणि त्या कागदांवरचं ते मधलं माप, जे कुठंच लिहिलेलं नाही.

"मी सांगलीला येनार," मी म्हणाले. "माजं काम हाय तितं."

"तुजं?" मामा म्हणाले.

"माजं."

ते साताऱ्याच्या गाडीत चढले. आत्या चढली. मागून मी चढले. कंडक्टर आला तेव्हा मामांनी दोन तिकिटं काढली, तिसरं मी काढलं. आत्यानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, माझ्यासाठी. मी बसले नाही. साताऱ्यापर्यंत दांडी धरून उभी राहिले. दोनदा म्हणाली ती, "बस की गं." मी खिडकीबाहेर बघत होते.

त्या पिशवीबद्दल मला अजून वाईट वाटतं. पण तेव्हा बसले असते तर सगळं मिटलं असतं, पुन्हा पहिल्यासारखं.

दोन आठवड्यांनी सुताराची दुसरी जीप आली. कुणीतरी मांडवात बघितली होती, त्याला तसलीच हवी होती, फाटक्या कडेसकट. मामा म्हणाले, "मी करतो." मी रिक्षाचं हूड शिवत बसले. त्यांनी प्रेसमध्ये जाऊन स्क्रीन लावली, शाई घट्ट केली, जाळी तुंबली. रॉकेलनं पुसली, फाटली. दाणा हत्तीचा आला. आठ दिवस मी मान वर केली नाही. आतून हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू, पण केली नाही.

नवव्या दिवशी त्यांनी शाईचा डबा माझ्या मशीनवर ठेवला.

"सुताराला सांगायचं, कुनी केलं त्ये," मी म्हणाले. "आधी सांगायचं. मग हात लावीन."

"लय शानी झालीस."

"व्हय."

ते बाहेर गेले. मी शिवत राहिले. तासाभरानं समोरच्या दुकानातल्या फोनवरनं त्यांचा आवाज आला, फोनवर सगळेच ओरडायचे तेव्हा. "हां, पोरगीच करती. ... न्हाई न्हाई, मागलं बी तिनंच. ... व्हय, आता काय, तिनंच." असं म्हणाले, जसं कुणी घरातलं आजारपण सांगावं.

त्यानंतर वर्षभर मामा माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत. आत्या त्यांना आधी वाढायची, मग मला आणि स्वतःला. गावाकडं निरोप गेला होता की पोरगी उलटून बोलते, तो आईनं मला रडत सांगितला. मी राहिले. रोज दोन भाकरी खाल्ल्या, पूर्ण.